उणे एक्क्याऐंशी

तसा मी कॉमर्सचा पदवीधर. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला तुटला आणि त्याबद्दल दोन्ही पक्षांची कधी तक्रार नव्हती. गेली बावीस वर्षे मंचरला बँकेत कारकुनी करतो आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून निरगुडसरला घरी येतो. अशा माणसाने एका हातात सुतारी टेप, दुसऱ्या हातात मोबाईल आणि काखेत वही घेऊन घरभर हिंडावे, हे सौ.ला पहिल्या दिवशी चिंताजनक वाटले. दुसऱ्या दिवशी तिने ते शेजारणीला सांगितले. तिसऱ्या दिवशी शेजारचे अण्णा कुंपणाशी येऊन विचारते झाले, "पाणी कुठं लागतंय मग?" मी पाणाड्याचा जोडधंदा सुरू केला, असा गावात समज झाला होता.

मी मोजत होतो वायफाय.

त्याचे असे झाले. माझा धाकटा भाऊ कॅनडात असतो. दर रविवारी रात्री साडेआठला, म्हणजे त्याच्या सकाळी, तो आईला फोन करतो, तोंड दिसणारा. आई खुब्याचे हाड मोडल्यापासून माजघरातल्या खाटेवर असते. तिचा आठवडा रविवारी साडेआठला सुरू होतो आणि पावणेनऊला संपतो. त्या पंधरा मिनिटांसाठी आम्ही फायबरची जोडणी घेतली. कंपनीचा माणूस आला, ओटीवर खिडकीशी डबी ठोकली, शंभरचा वेग असे सांगून गेला. ओटीवर खरोखर शंभराच्या आसपास वेग होता. पण आई ओटीवर नव्हती.

एका रविवारी बोलता बोलता धाकट्याचे चित्र गोठले. गोठले तेही नेमके तो "आई" म्हणत असताना, तोंड अर्धे उघडे, ओठ एका बाजूला ओढलेले, एक डोळा मिटलेला. आणि आवाज बंद. मला त्यात विशेष वाटले नाही. पण आईने मोबाईल खाली टाकला. आमचे वडील गेले ते अर्धांगाने. जेवता जेवता त्यांचे तोंड असेच वाकडे झाले होते आणि समोर वाढायला आईच होती.

"आरं, त्याला काय झालं बघ! आरं, त्याला धर कुणीतरी!"

कॅनडातल्या माणसाला निरगुडसरहून कोण धरणार? पाच मिनिटांनी धाकट्याचा साधा फोन आला, मी ठणठणीत आहे म्हणाला, आईला ऐकवले. तिने मान हलवली, पण ती रात्रभर जागी होती. पहाटे मला म्हणाली, "तुम्ही मला फसवत तर न्हाई ना?"

सोमवारी मी टेप काढली.

बँकेतल्या माणसाला दुसरे काय येते? वहीत रकाने पाडले: जागा, अंतर, ताकद, वेग. चिरंजीवांनी मोबाईलवर ताकद मोजायचे साधन घालून दिले. ते आकडे उणे येतात हे पाहून मी प्रथम हबकलो. आमच्याकडे उणे म्हणजे खातेदाराला बोलावून घ्यायची वेळ. इथे सगळेच उणे, फक्त उणे तीस म्हणजे सावकार आणि उणे नव्वद म्हणजे दिवाळे. उणे सत्तरच्या अलीकडे असाल तर तोंड दिसणारा फोन नीट चालतो, पलीकडे गेलात की देवाचे नाव घ्यावे.

डबीपासून तीन फुटांवर ताकद उणे पस्तीस, वेग चौऱ्याण्णव. आईच्या खाटेशी, टेप दोनदा लावून अठरा फूट, ताकद उणे एक्क्याऐंशी, वेग तीन. कधी दीड. कधी नुसतेच गोल फिरणारे चक्र.

पस्तीस आणि एक्क्याऐंशी यांत फरक सेहेचाळीसचा, असे मी कॉमर्सच्या भाबडेपणाने धरून चाललो होतो. चिरंजीव म्हणाले, "बाबा, तसं नसतं. दर दहाला दहापट." म्हणजे हे चक्रवाढ व्याज, तेही आपल्या अंगावर येणारे! मी रात्री हिशेब मांडला तो चाळीस हजार पटींचा निघाला. डबीजवळ रुपया असेल तर आईच्या खाटेपाशी पैशाचा चारशेवा हिस्सा पोचत होता. एवढी मोठी तूट निघाल्यावर कोणताही कारकून घरी जात नाही. मीही गेलो नाही. अर्थात मी घरीच होतो.

तूट कुठे झाली? मला वाटले, अंतर. नियम असा की मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की ताकद पाव होते. तिनाचे अठरा फूट म्हणजे सहापट अंतर, म्हणून ताकद छत्तिसावा हिस्सा. चाळीस हजारांत छत्तीसचा खुलासा लागला, उरलेल्या अकराशे पटींचे व्हाउचर कुठे आहे?

ते अंगणात सापडले. खिडकीसमोर चिंच आहे, पंचावन्न फुटांवर. तिच्या बुंध्याशी, रात्री नऊ वाजता, पाठीमागे ऊस आणि उसात बिबट्या असण्याची आमच्या भागात नेहमीची शक्यता, अशा अवस्थेत मी वेग मोजला. (तो मोजेपर्यंत माझा स्वतःचा वेगही काही कमी नव्हता.) ताकद उणे चौसष्ट, वेग अडतीस! म्हणजे पंचावन्न फुटांवरच्या बिबट्याला कॅनडा स्वच्छ दिसला असता आणि अठरा फुटांवरच्या आईला दिसत नव्हता.

अंतराचा दोष नव्हताच. दोष मधल्या गोष्टींचा होता. आमच्या आजोबांनी बांधलेली दगडमातीची भिंत पावणेदोन फूट जाड आहे. तिच्या आत दुसरी भिंत, तिला टेकून बाजरीची पत्र्याची कोठी आणि तिच्यावर पाण्याचे दोन हंडे. पत्रा लाटा परतवतो आणि पाणी त्या पिते. वायफायचा एक पट्टा वेगवान पण नाजूक, तो पहिल्या भिंतीलाच हात टेकतो. दुसरा संथ पण चिवट, तो धापा टाकत खाटेपर्यंत जायचा.

ताकद घटली की वेग हळूहळू का उतरत नाही, धाडकन का पडतो, हेही मला काउंटरवरच्या अनुभवावरून उमगले. कमी ऐकू येणारे आजोबा पेन्शनला आले की आपण सावकाश, मोठ्याने, एकेक शब्द सुटा बोलतो. तरी "ऑं?" आले की पुन्हा पहिल्यापासून. डबीही तेच करते. आणि आजोबांचे होईपर्यंत मागची सगळी रांग खोळंबते. आईचा फोन चालू असला की ओटीवर क्रिकेट बघणारे चिरंजीव का चिडचिडत, त्याचे हे कारण.

पण खरा शोध पुढच्या रविवारी लागला. एरवी उणे सत्याहत्तर दाखवणारी खाट साडेआठला उणे एक्क्याऐंशीवर का जाते? कारण साडेआठला खाटेभोवती माणसे जमतात. थोरली काकू, अण्णा, सौ., शेजारची दोन पोरे, सगळी धाकट्याला बघायला. माणसाच्या अंगात निम्म्याहून अधिक पाणीच. म्हणजे मायेने जमलेले सहा हंडे! मी काकूंना अतिशय नम्रपणे जरा बाजूला बसायला सांगितले. त्या चार दिवस आमच्याकडे आल्या नाहीत.

या सगळ्यात मला खोडदची आठवण होऊन वाईट वाटे. नारायणगावजवळ खोडदला त्या प्रचंड रेडिओ दुर्बिणी आहेत. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तारांच्या जाळीच्या तीस थाळ्या, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली याचे एक कारण म्हणजे इथे माणसांच्या यंत्रांचा गोंगाट कमी होता. आमचा परिसर मागासलेला आहे, याचा असा सत्कार दुसऱ्या कोणी केला नसेल. विज्ञान दिनाला मी चिरंजीवांना घेऊन गेलो होतो. तिथे आधी मोबाईल बंद करायला लावतात. 19 ऑक्टोबर 2016 ला युरोपचे शियापारेली नावाचे यान मंगळावर उतरत होते. त्याचा क्षीण आवाज सतरा कोटी किलोमीटरवरून या थाळ्यांनी टिपला. पुढे ते यान आपटले, पण त्यात खोडदचा काही दोष नाही. पलीकडे आर्वीला उपग्रह केंद्र, विक्रम साराभाईंच्या नावाचे. सत्तरच्या दशकात देशाचे परदेशी फोन तिथून आभाळात जात. अशा मुलखात जन्मून मला ओटीवरून माजघरात आवाज पोचवता येऊ नये!

उपाय मात्र खोडदनेच सुचवला. त्या थाळ्यासुद्धा आपापले ऐकलेले हवेतून पाठवत नाहीत, जमिनीखालच्या फायबरने पाठवतात. जिथे हवा हरते तिथे तार टाकावी. मी मंचरहून वीस मीटर तार आणि एक दुसरी डबी आणली. भिंतीला भोक पाडायला आईने नकार दिला. "तुझ्या आज्यानं बांधलीया, आन् तू भोकं पाडतोस व्हय?" मग तार दाराच्या चौकटीवरून, तुळईच्या कडेकडेने, उंदरांना चुकवत नेली. डबी ठेवली खाटेसमोरच्या कोनाड्यात, पणतीच्या शेजारी. आईने सौ.कडून तिला हळदकुंकू लावून घेतले. त्याने ताकदीत फरक पडला नाही, हे मी वहीत प्रामाणिकपणे नोंदवले आहे.

रविवारी साडेआठला फोन लागला. खाट: पाच फूट, उणे बेचाळीस, वेग ब्याऐंशी. काकू सन्मानाने खाटेवरच बसल्या होत्या. धाकटा दिसला तो असा लख्ख की त्याच्या मागच्या खिडकीतले बर्फ दिसले. तो बोलत होता, हसत होता, तोंड कुठेही अडकत नव्हते. आई मात्र काही बोलेना. मला वाटले आवाज येत नाही. मी पुढे झालो.

"येतंय रं ऐकू," ती म्हणाली. आणि मग पडद्यावर बोट ठेवून, "ह्याचं क्यास पिकलं की."

आजवरच्या धूसर चित्रात ते कोणाला दिसले नव्हते. धाकटा तिकडे ओशाळून हसला, डोक्यावरून हात फिरवला, इकडचं पाणी मानवत नाही म्हणाला. आईने त्याला तेल सांगितले, माक्याचे. पंधरा मिनिटांचा फोन चाळीस मिनिटे चालला.

फोन संपल्यावर मी वही काढून शेवटची नोंद करत होतो. आई खाटेवरून माझ्याकडे बघत होती. दिवा माझ्या डोक्यावरच होता.

"आन् तुझं रं कवा पिकलं?"

"झाली की सात-आठ वर्षं," मी म्हणालो.

"माका तूबी लाव," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.