तीन अक्षरांची तार

'सोया' म्हटलं की आपल्याला स्वयंपाकघरातली काळी बाटलीच आठवते. पण टोकियोच्या खाडीत या नावाची एक केशरी बोटही उभी आहे, आणि ती थेट दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर जाऊन आलेली आहे! सांगलीहून आलेल्या मावशींना देवळं, बागा, दुकानं सगळं दाखवून झालं होतं. म्हटलं, चला, आता बोट दाखवू. शिंबाशीहून ड्रायव्हर नसलेल्या युरिकामोमे गाडीत बसलो (मावशी सगळा वेळ दांडा घट्ट धरून!) आणि क्रूझ टर्मिनलच्या स्टेशनावर उतरलो.

ही बोट १९३८ साली नागासाकीला पाण्यात उतरली. ऑर्डर होती सोव्हिएत रशियाची, पण तिकडे ती गेलीच नाही. महायुद्धातून वाचली, परमुलखात अडकलेल्या जपान्यांना तिनं घरी आणलं, मग दीपगृहांना सामान पोचवलं. अशा या वापरून वापरून जुन्या झालेल्या बोटीला डागडुजी करून ८ नोव्हेंबर १९५६ रोजी हारुमीच्या धक्क्यावरून अंटार्क्टिकाला धाडलं. आत शिरलो तर खोल्या इतक्या बुटक्या आणि अरुंद, की आमची मुंबईतली पहिली खोली आम्हाला ऐसपैस वाटायला लागली. विषुववृत्त ओलांडताना माणसं घामानं निथळत होती, आणि थंड हवेची सोय होती ती फक्त कुत्र्यांच्या खोलीत! स्लेज ओढायला २२ कुत्रे नेले होते. जोडीला ताकेशी नावाचा एक बोकाही होता. मोहिमेचे प्रमुख नागाता ताकेशी, त्यांचंच नाव बोक्याला!

२९ जानेवारी १९५७ रोजी ओंगुल बेटावर 'शोवा' केंद्राची स्थापना झाली. घरं जपानमध्येच फळ्या-फळ्यांनी तयार करून नेलेली. तिथं सुतार कुठून आणणार? ती मोहिमेतल्या लोकांनीच जोडून उभी केली. निशिबोरी एइझाबुरो यांच्या हाताखाली ११ जण हिवाळ्यासाठी मागे राहिले. परतताना 'सोया' बर्फात अडकली आणि रशियाच्या 'ओब' बोटीनं तिला सोडवलं. म्हणजे मागे राहिलेल्यांची परतीची वाट किती भरवशाची, ते बघा.

पुढच्या वर्षी तर बर्फामुळे बोट केंद्रापर्यंत पोचूच शकली नाही. माणसं कशीबशी विमानानं आणली, पण १५ कुत्रे साखळीला बांधलेले तसेच राहिले. १९५९ च्या जानेवारीत पुन्हा लोक गेले, तेव्हा तारो आणि जिरो हे दोघंच जिवंत सापडले. मावशी एवढंच म्हणाल्या, "साखळी तरी सोडायची होती हो." आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या ११ जणांची गोष्ट इथं अजून सांगतात. घरची खबर यायची ती तारेनं, आणि तारेला पैसे अक्षरांवर. १९५८ च्या नव्या वर्षाच्या तारा आल्या. कुणी तब्येत विचारलेली, कुणी मुलांची खुशाली कळवलेली. एकाच्या बायकोची तार मात्र तीनच अक्षरांची होती: आ-ना-ता. ती ऐकून सगळे गप्प झाले म्हणतात.

आम्ही मावशींना समजावून सांगायला लागलो, की जपानीत 'आनाता' म्हणजे तुम्ही, पण बायको नवऱ्याला म्हणते तेव्हा... मावशींनी आम्हाला पुढे बोलूच दिलं नाही. "म्हणजे आपलं 'अहो'च की!"

इतकी वर्षं जपानी शिकतोय, पण हे आम्हाला सुचलं नव्हतं.

आम्ही १९९१ साली इथं आलो, तेव्हा स्टेशनजवळच्या पब्लिक फोनवर कार्ड घालून घरी बोलायचो. आकडे भराभर उतरायचे. काय बोलायचं ते कागदावर लिहून नेलेलं असायचं, पण तिकडून आईचा "हॅलो" ऐकला की कागद खिशातच राहायचा आणि निम्मं कार्ड "ऐकू येतंय ना?" यातच संपायचं. आता शोवाहूनही फोन लागतो. २००४ पासून तिथं उपग्रहाची कायमची सोय आहे.

आपली माणसंही त्या बाजूला राहून आलीत बरं! नागपूरच्या अदिती पंत १९८३ साली गोव्याहून निघालेल्या मोहिमेत होत्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या अंटार्क्टिकावर जाणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया. त्याच मोहिमेनं आपलं 'दक्षिण गंगोत्री' केंद्र उभारलं. पुढे ते बर्फाखाली गेलं. १९८९ साली 'मैत्री' आलं आणि २०१२ मध्ये 'भारती'.

हे सगळं आम्ही मावशींना परतीच्या गाडीत सांगत होतो, पण त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. काकांना जाऊन चार वर्षं झाली. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "मला विचारलं असतं, तर मीही तेवढंच लिहिलं असतं. आपल्याकडे दोनच अक्षरं लागतात. पैसेही कमी पडले असते."