गणंग

गेला वीकेंड गावी काढला. वीकेंड म्हणजे गुरुवार ते रविवार. दोन दिवसांची रजा टाकली होती. ऑफिसात कारण लिहिलं 'पर्सनल' आणि घरी सांगितलं 'आजीची आठवण आली'. खरं कारण असं की त्या सोमवारी मॅनेजरने मला मीटिंग रूममध्ये बोलावलं, दार लावलं आणि ६० दिवसांच्या 'इम्प्रूव्हमेंट प्लॅन'वर टाकल्याचं सांगितलं. आयटीवाल्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. बाकीच्यांसाठी : ६० दिवसांत सुधारा, नाहीतर निघा.

असो. तर निघताना स्वयंपाकघरात पॉपकॉर्नच्या मक्याचं एक पाकीट दिसलं. गेल्या वर्षी फोडलेलं, तोंड उघडंच राहिलेलं. ते बॅगेत टाकलं. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. तिथे आजी, एक म्हैस आणि ११ गावठी कोंबड्या असतात.

गुरुवारी रात्री कढईत मका फोडला. अस्मादिक इंजिनिअर, त्यामुळे १०० दाणे मोजून घेतले होते. फुटले ६३. कढईच्या तळाशी ३७ दाणे काळवंडून बसले. आजी डोकावली आणि म्हणाली, "लई गणंग ऱ्हायले की रं!"

गणंग! हा शब्द मी फक्त निवडणुकीच्या बातम्यांत वाचला होता, न कामाच्या उमेदवारांसाठी. त्याचा मूळ अर्थ लाह्या फोडताना न फुटलेला दाणा, हे मला आत्ता कळलं. त्या आठवड्यात तो शब्द जरा जास्तच लागला.

सकाळी उरलेल्या लाह्या कोंबड्यांना टाकल्या. मीठ-बटर काही लावलेलं नव्हतं (कोंबड्यांना खारट चालत नाही). आणि मग जी करमणूक झाली ती कुठल्या मल्टिप्लेक्समध्ये व्हायची नाही. अंगणभर लाह्या पडलेल्या, पण एका तलंगीने चोचीत एक लाही धरून धूम ठोकली आणि उरलेल्या सगळ्या तीच लाही हिसकवायला तिच्यामागे! आमच्या ऑफिसात ऑनसाइटची एक जागा निघाली की साधारण हेच दृश्य असतं.

आजीने तेवढ्यात विचारलं, "मक्याला पाणी लावलं व्हतंस का?"

मी म्हटलं, पॉपकॉर्नला कसलं पाणी? आच कमी पडली असेल. तर तिने सांगितलं की नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या करताना ज्वारीला आधी पाणी लावतात, फडक्यात बांधून ठेवतात, मगच कढईत टाकतात. सुकलेला दाणा कितीही जाळ केला तरी करपतो, फुटत नाही.

मी मोबाईल काढला आणि वाचत बसलो. आजी बरोबर होती. (नेहमीच असते.) पॉपकॉर्नच्या चांगल्या दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं. दाणा तापला की आत वाफ कोंडते आणि टणक साल प्रेशर कुकरचं काम करतं. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊ-दहा पट होतो, साल फाटतं आणि आतला स्टार्च फेसासारखा फुलून थिजतो. आच लागतेच. २०१५ साली फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी मोजलं, तेव्हा १७० अंशांना ३४ टक्के दाणे फुटले आणि १८० ला ९६ टक्के. पण आतलं पाणी आधीच उडून गेलं असेल, किंवा सालाला चीर असेल आणि वाफ निसटत असेल, तर नुसत्या आचेने काय होणार? शिट्टीतून गळणारा कुकर तो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात २००५ मध्ये मक्याचे १४ प्रकार तपासले, तर न फुटणाऱ्या दाण्यांचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ४७ टक्क्यांपर्यंत निघालं. मोठा फरक सालाच्या बांधणीत होता, म्हणजे ओलावा धरून ठेवण्यात.

ओलावा. मराठीत या शब्दाचे दोन अर्थ आहेत, ते तुम्हाला माहीत आहेतच.

उरलेला मका बरणीत घातला, चमचाभर पाणी टाकलं, झाकण लावलं आणि येता-जाता हलवत राहिलो. रविवारी सकाळी पुन्हा १०० दाणे. फुटले ८६! राहिलेले १४ उजेडात धरून पाहिले, तर त्यातल्या पाचांना टोकाशी चक्क चीर दिसत होती.

त्याच आनंदात आजीला ऑफिसचं सगळं सांगून टाकलं. आठ महिन्यांपूर्वी नवं प्रोजेक्ट मिळालं, ज्याच्याकडून काम शिकायचं तो पहिल्याच आठवड्यात कंपनी सोडून गेला, मग मी रात्री जागून रेटत राहिलो, तरी चुका होतच राहिल्या. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तू कुनाला इचारलंस का न्हाई?"

नव्हतं विचारलं. 'मला हे येत नाही' म्हणायची लाज वाटली. आठ महिने मी फक्त आच वाढवत होतो.

"म्हणजे मी गणंग नाही ना गं?" मी उगाच भावूक होऊन विचारलं.

"आरं, तू काय मक्याचा दाणा हाईस व्हय? इचार त्यास्नी. न्हाईच जमलं तर दुसरी नोकरी बघ. आन् ते गणंग हिकडं आण."

तिने ते १४ दाणे अंगणात फेकले. कोंबड्यांनी मिनिटभरात फस्त केले. कोंबडीला दात नसतात, पण ती खडे गिळते आणि तिच्या पेट्यात त्या खड्यांवर टणक दाणासुद्धा दळला जातो. गणंग हा शब्द कढईपुरता. कोंबडीच्या लेखी तो नुसता मका.

सोमवारी मॅनेजरला स्पष्ट विचारलं, "हे मॉड्यूल मला कोण शिकवणार?" तो जरा गडबडला. मग एका सीनियरचा रोज एक तास मला मिळाला. चार तास झालेत. दोन गोष्टी अशा कळल्या की ज्या आठ महिन्यांपूर्वी कळायला हव्या होत्या.

अजून ४८ दिवस आहेत. पुढचं पुढे. आजीने भुशात घालून दिलेली सहा अंडी मात्र बुधवारीच संपली.