माथेरानचा लॉज

माथेरानच्या जुन्या लॉजला घाईचा पाहुणा आवडत नाही. मोटारी दस्तुरी नाक्यावरच थांबतात. पुढे अमन लॉज स्टेशनातून शटल धरा, नाहीतर घोडा करा. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. शटलने आलात तर शेवटची वळणं लाल मातीतून पायीच चढावी लागतात. हमाल डोक्यावर बॅगा घेऊन पुढे, आपण धापा टाकत मागे, आणि लॉज झाडीत निवांत बसलेला. पुढे येऊन स्वागत करणं त्याच्या स्वभावात नाही.

वय विचारलं तर तो सांगणार नाही. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट 1850 मध्ये हा डोंगर चढले, त्यानंतर इथे बंगले उठू लागले. 1907 मध्ये पीरभॉय कुटुंबाने नेरळहून छोटी गाडी वर आणली आणि मुंबईच्या शेठ लोकांची वर्दळ वाढली. अशाच कुणाचा तरी बंगला पुढे लॉज झाला, हे आत गेल्यावर कळतं. छताच्या लाकडी फळ्या तुमच्या खोलीत सुरू होतात आणि मधल्या प्लायवूडच्या भिंतीवरून शेजारच्या खोलीत जातात. शेजाऱ्यांचा खोकलाही त्याच वाटेने येतो. एका मोठ्या दिवाणखान्याच्या तीन खोल्या केल्यात आणि न्हाणीघर कुठल्याशा कोठीतून कोरून काढलंय, म्हणून तिथे जाताना एक पायरी चढावी लागते. रात्री ती पायरी हमखास विसरली जाते.

पण ही उणीव तो व्हरांड्यात भरून काढतो. जांभ्याचा चौथरा, पुढे उतरलेलं खोल छप्पर, लांब हातांच्या आरामखुर्च्या. खोलीत लॉज नुसता झोपायला देतो, खरा भेटतो तो इथे. मोटारी नसल्यामुळे इथे कानावर पडतात ते घोड्यांच्या टापा, पक्षी आणि कोपऱ्यावर चहावाल्याशी चाललेली कुणाची घासाघीस. माझं मत विचाराल तर माथेरानला खोली पाहून लॉज निवडू नये, व्हरांडा पाहून निवडावा.

व्हरांड्याला जाळी असेल तर तिला नावं ठेवू नका. ती डासांसाठी नाही. माकडं इथली कायमची रहिवासी, आपण दोन रात्रींचे. खिडकीला भक्कम कडी आणि टेबलावर झाकणाचा डबा ज्या लॉजमध्ये दिसेल, त्याला गाव कळलंय असं समजावं. चिक्कीचं पाकीट उघड्यावर ठेवणाऱ्याची कीव लॉज करत नाही.

वागण्यात मात्र तो वारांप्रमाणे बदलतो. शनिवारी भाडं वाढवून, ‘जेवणासकट पॅकेज’ पुढे करून आणि सकाळी नऊ-दहालाच खोली रिकामी करायला लावून तो चक्क व्यापारी होतो. मंगळवारी तोच लॉज मायाळू असतो. मॅनेजर स्वतः खुर्ची उन्हात ओढून देतो, दुपारचा चहा बिलात येतच नाही. गरम पाणी मात्र दोन्ही दिवशी सकाळी ठरल्या वेळेतच.

पावसाळ्यात तो ओळखू येत नाही. चहूबाजूंनी प्लास्टिक बांधून घेतो, चादरी ओलसर, काडेपेटी सर्दावलेली. नेरळहून वर येणारी गाडी बंद, अमन लॉजची शटल तेवढी चालू. काही लॉज तर दारंच लावून घेतात. जे उघडे राहतात ते स्वस्त असतात आणि धुकं थेट खाटेपर्यंत आणून देतात. ज्यांना हे चालतं त्यांनी जरूर जावं. पोहण्याचा तलाव आणि डीजे हवा असेल तर त्यासाठी नवी रिसॉर्टं आहेत, त्यांच्याविषयी मला फार काही म्हणायचं नाही.

फोन कराल तेव्हा भाडं शेवटी विचारा. आधी स्टेशनपासून किती चालायचं ते विचारा, हमाली कुणी द्यायची ते विचारा, व्हरांडा खोलीपुरता आहे की सगळ्यांचा मिळून, तेही विचारा. ‘व्हरांडा नाही, पण टीव्ही मोठा आहे’ असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा.