वडगावचा माग, पुण्याचं कपाट

गेल्या दिवाळीनंतर ताईचं लग्न ठरलं आणि बस्ता बांधायला म्हणून मी चार दिवसांची रजा काढून पुण्याहून बेळगावला आले. रात्रीच्या बसनं पहाटे उतरले, रिक्षा केली. वडगावच्या आमच्या गल्लीत शिरले तेव्हा नीट उजाडलंही नव्हतं, पण दोन-तीन घरांतून मागांची खटखट सुरू झाली होती. बाहेरच्या माणसाला त्या आवाजात झोप लागायची नाही. आमचं उलट. आवाज थांबला की आम्हाला जाग येते. वीज गेली, असं समजायचं.

बेळगाव म्हटलं की लोकांना कुंदा आठवतो, कॅम्प आठवतो, थंड हवा आठवते. शहापूर, वडगाव, खासबाग हा सगळा पट्टा विणकरांचा आहे, हे बेळगावबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. बेळगाव इंग्रजांचं होतं तेव्हा त्याला खेटून असलेलं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांच्या संस्थानात होतं, थेट १९४८ पर्यंत. शहापूरच्या साड्यांचं नाव त्या काळापासूनचं. पुढं हातमाग कमी होत गेले आणि घराघरांत यंत्रमाग आले.

आमच्याही पुढच्या खोलीत दोन माग आहेत. व्यापारी सूत देणार, बाबा साडी विणून देणार आणि साडीमागं ठरलेली मजुरी घेणार. शाळेतून आलं की ताईनं आणि मी कांड्या भरायच्या, मग अभ्यास. धोट्यातली कांडी संपत आली की बाबा मान न वळवता हात मागं करायचे आणि आम्ही भरलेली कांडी त्यांच्या हातात ठेवायचो.

घरात रोज नवी साडी तयार होत होती, पण आमच्या अंगावर नवे कपडे वर्षातून दोनदा यायचे. जूनमध्ये युनिफॉर्म आणि दिवाळीला फ्रॉक. मंगाईच्या जत्रेला बांगड्या मिळायच्या, त्या वेगळ्या. आई विणलेल्या साडीची घडी घालून द्यायची. ती साडी तिनं एकदाही खांद्यावर टाकून आरशात बघितलेली मला आठवत नाही. एकदा मी विचारलं, तर म्हणाली, "दुसऱ्याचं सूत आहे गे ते."

किराणा वहीवर यायचा. सामान न्यायचं, दुकानदार वहीत लिहायचे, मजुरी मिळाली की बाबा देऊन यायचे. एकदा मात्र पिशवी घेऊन मी गेले आणि दुकानदारांनी चार गिऱ्हाइकांदेखत सांगितलं, "बाबांना म्हणावं, आधीचं मिटवा, मग पुढचं न्या." मी रिकामी पिशवी घेऊन रडत घरी आले. मोठी झाले की कुणाच्या वहीत नाव ठेवायचं नाही, असं त्या दिवशी ठरवलं. मी तेव्हा सहावीत होते.

पदवी झाली आणि २०२२ मध्ये मला पुण्यात नोकरी लागली. वाकडला तिघी मिळून फ्लॅट घेतला. पहिल्या पगाराचे निम्मे पैसे घरी पाठवले. दुसऱ्या महिन्यात ऑफिसातल्या मुलींबरोबर विमाननगरच्या एका मॉलमध्ये गेले. तिथं कुणी "काय पाहिजे?" म्हणून विचारत नाही. हवं ते हातात घ्या, अंगावर घालून बघा, नको असेल तर तिथंच टाकून चालू लागा. माझ्यासारखीला ते फार मोठं स्वातंत्र्य वाटलं.

मग क्रेडिट कार्ड आलं आणि फोनवर खरेदी सुरू झाली. तुम्ही म्हणाल, आजकाल सगळेच करतात. खरं आहे. पण मला गरज म्हणून काही घ्यावं लागतच नव्हतं. ऑफिसात कुणी बोललं, घे एक कुर्ता. रविवारी एकटं वाटलं, घे चप्पल. दिवाळीचा सेल आला, मग तर विचारायलाच नको. कपाटात किमतीची चिठ्ठीसुद्धा न काढलेले कपडे साठत गेले आणि कार्डावरचं देणं अडुसष्ट हजारांवर गेलं. दर महिन्याला फोन सांगायचा, किमान चौतीसशे भरा. मी भरायची आणि सगळं ठीक आहे असं समजायची. मधे एकदा कार्डाची मर्यादा आपोआप वाढली, तर मला चक्क कौतुक झाल्यासारखं वाटलं.

घरी यातलं कुणालाच माहीत नव्हतं.

बस्त्याच्या दिवशी आम्ही आठ जण निघालो. आई-बाबा, ताई, मी, आत्या, दोन काकू आणि मावशी. शहापूरवरून, कपिलेश्वर पूल ओलांडून बाजारात. गणपत गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. दुकानात गादीवर बैठक मारली, चहा आला आणि साड्या उलगडायला सुरुवात झाली. बस्ता म्हणजे नुसती खरेदी नव्हे. कुणाला कितीची साडी, कुणाचा मान आधी, गेल्या लग्नात त्यांनी आपल्याला काय दिलं होतं, हा सगळा हिशेब आत्याच्या तोंडपाठ असतो.

बाबा कोपऱ्यात बसून होते. समोर आलेली प्रत्येक साडी ते आधी उलटी करून मागची बाजू बघायचे. एका साडीवर हात फिरवून हळूच म्हणाले, "ही आपल्या वडगावची." दुकानदारांनी किंमत सांगितली. त्या किमतीत मजुरीचा आकडा किती वेळा बसतो, याचा हिशेब मी मनात सुरू केला आणि सोडून दिला.

ताईला रिसेप्शनसाठी लेहंगा हवा होता. तिनं फोनवर एक बघून ठेवला होता, चोवीस हजारांचा. आईचा चेहरा उतरला. मी थाटात म्हटलं, "माझ्याकडून. कार्डावर घेते, हप्ते करते. काळजी कशाला?"

बाबांनी माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "पैसे हाईत, की यायचे हाईत?"

प्रश्न साधा होता. मजुरीवर जगणाऱ्या माणसाला तो रोज स्वतःला विचारावा लागतो. मला मात्र उत्तर देता येईना. दुकानातली सगळी माणसं आपल्याकडंच बघताहेत असं वाटलं आणि हातात रिकामी पिशवी घेतलेली सहावीतली मी आठवले.

रात्री माग बंद झाल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी सुताच्या पुड्याचा कागद घेतला आणि व्याज किती ते विचारलं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे तेवीसशे ऐंशी. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, सव्वाचारशेच्या वर. "म्हणजे चौतीसशे भरलेस की मुद्दलात सहाशेसुद्धा जात नाहीत. कधी फिटायचं गे हे?" एवढं गणित मी तीन वर्षांत एकदाही मांडलं नव्हतं.

मी म्हटलं, "तुमच्या वेळेची वहीच बरी होती. दुकानदार निदान नको तरी म्हणायचे."

बाबा हसले. "बरी कसली? २०२० ला लॉकडाऊनमध्ये माग बंद पडले, तेव्हा किराण्याचं देणं थकलं होतं. त्या दुकानावरून जायला नको म्हणून मी नाथ पै सर्कलकडून वळसा घालून जात होतो. सहा महिने." हे मला माहीतच नव्हतं. तेव्हा मी याच घरात होते, कॉलेजच्या ऑनलाइन वर्गात बसून होते.

म्हणजे वहीचं कौतुक करण्यात अर्थ नाही. त्या वहीत माणसाची लाज असायची आणि ती गल्लीभर व्हायची. पण एक मात्र खरं. "आधीचं मिटवा" म्हणणाऱ्या त्या दुकानदारांनी माझ्या बाबांचं देणं आटोक्याबाहेर जाऊ दिलं नाही. माझ्या फोनमधलं दुकान मला कधीच अडवणार नव्हतं. मी जितकी बुडेन तितकी माझी मर्यादा वाढवणार होतं. तिथं "नको" म्हणायचं काम माझं मलाच करायला हवं होतं आणि पगार मिळू लागला म्हणजे आपण मोठ्या झालो, एवढ्यावरच मी थांबले होते.

ताईनं दुसऱ्या दिवशी स्वतःच मार्ग काढला. लेहंगा भाड्यानं आणला. ती म्हणाली, "एका रात्रीसाठी कपाट कशाला अडवायचं?" लग्नाला मात्र ती वडगावची साडी नेसली. आईसाठीही एक घेतली. घरी आल्यावर आईनं ती खांद्यावर टाकली आणि आरशापुढं बराच वेळ उभी राहिली.

पुण्याला परतल्यावर मी कपाट उघडलं आणि चिठ्ठी न काढलेले कपडे मोजले. सतरा निघाले. चिठ्ठ्या कापल्या आणि आता तेच घालते. कार्ड बंद ठेवलं आहे. महिन्याला आठ हजार भरले तर साधारण अकरा महिन्यांत देणं संपेल, असं बाबांच्या त्याच कागदावर आम्ही मांडलं. चित्रपट नाही, बाहेरचं जेवण नाही. रविवार अजून मोठा वाटतो, खोटं कशाला बोलू? फोन हातात घेते आणि बऱ्याचदा ठेवून देते. एकदा नाही ठेवला. साडेतीनशेची ओढणी घेतली, पण रोख देऊन.

दर महिन्याला हप्ता भरला की बाबांचा फोन येतो. मागे मागाची खटखट चालू असते, त्यामुळं दोघांनाही ओरडून बोलावं लागतं. परवा चौथा हप्ता भरला.

"किती राहिलं?"

"सेहेचाळीस हजार."

"बरं. तिसरा हिस्सा झाला," ते म्हणाले आणि कांडी संपली म्हणून फोन ठेवला.