नाव एकाच कंसात

विदर्भातल्या मुसलमानाचे नाव बहुधा चार शब्दांचे असते. शेख रहीम शेख करीम. मुलगा रहीम, वडील करीम, आणि शेख दोघांच्याही पुढे उभा. सय्यद असाच पुढे चालतो, खान मागे राहतो. मिर्झांच्या घरी पुढे मिर्झा, मागे बेग, मधे नाव पालखीत बसल्यासारखे. कोकणातल्या आपल्या भावंडांचे त्या मानाने बरे आहे. हमीद उमर दलवाई. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. तीन शब्द, तीन रकाने. महाराष्ट्रातल्या कोणत्याही फॉर्मात न चुरगळता बसतात.

संगणकालाही असेच तीन रकाने आवडतात, हे शाळेचे फोटो नीट लावताना कळले. कळमेश्वरच्या बाजारातल्या स्टुडिओवाल्याने मुलांचे फोटो पेन ड्राइव्हवर दिले, तेव्हा प्रत्येक फाईलवर आधी नाव होते, मग इयत्ता, शेवटी हजेरी क्रमांक. रजिस्टरशी जुळवायला मला हवा होता उलटा क्रम: इयत्ता, क्रमांक, नाव. शिवाय दहावीच्या गुणपत्रिकेवर असते तसे आडनाव पुढे.

एकेक फाईल उघडून नाव बदलण्यात दोन रविवार गेले असते. विंडोजमध्ये सगळ्या फायली एकदम निवडून नाव बदलता येते खरे, पण मग सगळ्यांना एकच नाव मिळते आणि पुढे कंसात एक, दोन, तीन. कोणाचा चेहरा कोणाचा, ते गेले. म्हणून मायक्रोसॉफ्टच्या मोफत ‘पॉवरटॉइज’मधले ‘पॉवररिनेम’ घेतले. त्यात नावाचा साचा लिहायचा असतो. नावाचा जो तुकडा कंसात धराल त्याला नंबर मिळतो: डॉलर एक, डॉलर दोन, डॉलर तीन. खालच्या ओळीत ते नंबर हव्या त्या क्रमाने लिहायचे. दोन, तीन, एक असे लिहिले की शेकडो फायली एका फटक्यात त्या क्रमाने उभ्या राहतात. बटण दाबण्याआधी जुनी आणि नवी नावे शेजारी शेजारी दिसतात, ही त्यातली सर्वांत शहाणपणाची सोय.

इयत्ता आणि क्रमांक मुकाट्याने पुढे आले. मग आडनावासाठी नियम लिहून पाहिला: शेवटचा शब्द उचला, पुढे ठेवा. दलवाईंच्या नावाला हा नियम चोख लागू पडतो. आमच्या यादीत काय दिसले? करीम शेख रहीम शेख. वडील आडनाव झाले आणि शेख वाऱ्यावर. नाझिया परवीन शेख करीमची झाली करीम नाझिया परवीन शेख. तीन रकान्यांच्या हिशेबात परवीन तिचे वडील ठरणार. अय्यूब खान युसूफ खान जेमतेम निभावला.

सर्वांत जास्त खटकले ते अब्दुल रहमान अब्दुल रज्जाक. त्याचे झाले रज्जाक अब्दुल रहमान अब्दुल. अब्दुल हे सुटे नाव नव्हेच. अब्द म्हणजे बंदा. रहमान, रज्जाक ही अल्लाहची नावे. बंदा मागे टाकून नुसता रज्जाक पुढे आणला तर आपण हजेरीत कोणाला हाक मारतो आहोत? आपली वडीलधारी माणसे पोराला नुसते ‘रहमान’ म्हणू देत नसत, ती उगाच नव्हे. यंत्राला अदब ठाऊक नाही, त्याला फक्त मोकळी जागा दिसते. जिथे जागा, तिथे सुरी.

डॉ. अब्दुल कलाम यांचे पूर्ण नाव अवुल पकीर जैनुलाबदीन अब्दुल कलाम. आधी पणजोबा, मग आजोबा, मग वडील, शेवटी स्वतः. त्यांच्या नावात आडनाव शोधायला गेलेला माणूस शेवटचा शब्द उचलतो आणि देशाच्या माजी राष्ट्रपतींचे अर्धे नाव आडनाव करून टाकतो. त्यांचे काही अडले नाही. आमच्या मुलाचे अडते. दाखल्यावर एक क्रम, आधारवर दुसरा, पासपोर्टच्या फॉर्मात नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल, आणि बापाची बुडालेली रोजी.

आता आणखी एक शब्द वाढला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाच्या नावात राज्य शासनाने आईचे नाव घालायला लावले: बाळाचे नाव, आईचे, वडिलांचे, मग आडनाव. आईचे नाव आले याचा मला मनापासून आनंद आहे. पण आई शमीम बी असेल आणि वडील शेख करीम, तर ‘बी’ कोणत्या रकान्यात?

नाव उर्दूत ठेवले तर आणखी गंमत. उर्दू अक्षरे, आकडे आणि रोमन ‘जेपीजी’ एका ओळीत आले की पडद्यावर तुकडे जागा बदलल्यासारखे दिसतात. आत मात्र जसे टंकले तसेच असतात. तिथे डोळ्यांवर भरवसा ठेवून साचा लिहू नये.

शेवटी आडनावाचा नियम पुसून टाकला. तुकड्यांच्या मधे अंडरस्कोर घातला, नावातल्या मोकळ्या जागा तशाच राहू दिल्या, आणि साच्याला सांगितले की भिंत म्हणजे अंडरस्कोर, मोकळी जागा नव्हे. इयत्तेला एक कंस, क्रमांकाला एक, आणि नाव कितीही शब्दांचे असो, सबंध नावाला एकच. आडनाव एक्सेलमध्ये वेगळ्या रकान्यात लिहायचे, तेही पालकांना विचारून. त्याला वेळ लागतो. सातवीचे झाले आहे, आठवीचे चालू आहे. पहिली फाईल आता अशी दिसते: ०७_०१_अब्दुल रहमान अब्दुल रज्जाक.