खाडीपलीकडचा रस्ता

कोकणात गाडीनं जायचं म्हटलं की लोक आधी मुंबई-गोवा महामार्गाच्या खड्ड्यांची चौकशी करतात. मला मात्र समुद्राला चिकटून जायचंय. नकाशा पसरला की ती वाट चार ठिकाणी पाण्यात उतरते: आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि जयगड-तवसाळ. चारही ठिकाणी फेरीबोट. दाभोळहून समोरचं धोपावे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पण फेरीबोट नको म्हणाल, तर चिपळूणचा लांबलचक वळसा.

म्हणून या सहलीचा आराखडा किलोमीटरवर बेतत नाही. भिंतीवरचं पंचांग काढलंय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा दर्यावर्दींचा जुना हिशेब. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास; म्हणजे हर्णैची मोकळी वाळू सकाळी नऊला. मासळीचा लिलाव संध्याकाळी, सुवर्णदुर्ग समोर. जंजिऱ्याला राजापुरीहून शिडाच्या होडीतून जायचं, तेव्हा वारा काय म्हणतो तेही बघायचं. बावीस एकरांचा किल्ला घाईनं पाहायचा नसतोच.

खरी मजा धक्क्यावरची. बोट लागते, साखळ्या खडखडतात, लोखंडी फळी काँक्रीटवर आदळते. ओहोटी असेल तर उतार खडा. गाडी जपून घ्यावी लागते. खलाशी हातवारे करत ‘या, या, अजून या, बस्स’ म्हणत दोन गाड्यांमध्ये वीतभर जागा ठेवतो, आणि उरलेल्या फटींत मोटारसायकली शिरतात. हँडब्रेक ओढून खाली उतरलं की डिझेलचा आणि खाऱ्या चिखलाचा वास एकत्र येतो. बाजूला मासळीची टोपली, बाजारहाट करून निघालेली बाई, शाळेची पोरं. त्यांच्यासाठी ही सहल नाही, रोजचं येणं-जाणं आहे.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गावर या खाड्यांवर पूल व्हायचे आहेत. ते व्हायलाच हवेत. रात्री शेवटची फेरी सुटल्यावर ज्याला पेशंट पलीकडे न्यायचा असतो, त्याला माझी ही संथपणाची चैन कशी परवडणार? पूल झाले की मीही त्यांवरून जाईन, आणि तक्रार करणार नाही. पण तोवर धक्क्यावर थांबणं वाया गेलेला वेळ म्हणून मोजायचं नाही, एवढं ठरवलंय. वेळापत्रकात दाभोळसमोर आगमनाची वेळ आहे, प्रस्थानाची नाही.