लिकीचा चढ आणि परदेशी इंजिन

बर्मिंगहॅमहून निघालेली गाडी ब्लॅकवेल ओलांडून लिकीच्या उताराला लागते आणि काही मिनिटांत ब्रॉम्सग्रोव्हला थांबते. आत बसलेल्याला फारसं काही जाणवत नाही. उलट दिशेने मात्र हाच सलग दोन मैलांचा चढ आहे, 37.7 फुटांमागे एक फूट. आपल्या बोरघाटातला सर्वांत उभा चढही जवळजवळ असाच. पण तिथे गाडी चढली 1863 मध्ये, इथे 1840 मध्ये. तेव्हा असा चढ इंजिनाच्या आवाक्यातला नाही, वर स्थिर यंत्र बसवून दोरानेच गाड्या ओढाव्यात, असं इंग्लंडमधल्या मोठमोठ्या अभियंत्यांचं मत होतं. बर्मिंगहॅम-ग्लॉस्टर रेल्वेच्या कॅप्टन मूर्सम यांनी ते मानलं नाही आणि फिलाडेल्फियाच्या विल्यम नॉरिसकडून इंजिनं मागवली. नॉरिसचं इंजिन 1836 मध्ये तिकडे याहून कितीतरी उभा चढ चढलं होतं. पुढे चार चाकांची वळती बोगी, मागे भट्टीच्या अगदी पुढ्यात दोनच मोठी चाकं. बॉयलरचा बराचसा भार त्या दोन चाकांवर येई आणि ती रुळाला घट्ट धरत.

या इंजिनांनी लिकीचा चढ सर केला. यावर आक्षेप असा, की ती टिकली कुठे? 1845 मध्ये याच रेल्वेच्या मॅकॉनेल यांनी इथल्याच कारखान्यात सहा जोडचाकांचं भक्कम इंजिन बांधलं आणि गाडी मागून रेटायला ते नॉरिसच्या इंजिनांपेक्षा सरस ठरलं. हे खरंच आहे. पण ते बांधलं गेलं तेव्हा चढ इंजिनाने चढता येतो की नाही, हा वाद उरलाच नव्हता. तो आधीच मिटवला होता अमेरिकी इंजिनांनी, आणि माझ्या मते त्यांचं मोल इथेच आहे.

स्टेशनापासून मैलभरावर, टेकडीवरच्या सेंट जॉन चर्चच्या आवारात याच रेल्वेवरच्या थॉमस स्केफ आणि जोसेफ रदरफर्ड यांच्या कबरी शेजारी शेजारी आहेत. नोव्हेंबर 1840 मध्ये बॉयलर फुटून दोघे गेले. फुटलेलं ‘सरप्राइझ’ हे इंजिन नॉरिसचं नव्हतं, इंग्लंडमध्येच बांधलेलं होतं. तरी दोन्ही शिळांवर कोरलंय ते नॉरिसचंच. पाथरवटाने हाती आलेलं चित्र उतरवलं असेल, असं कुणी म्हणेल. असेलही. पण मग गावात हाताशी असलेलं इंजिनाचं चित्र अमेरिकी होतं, एवढं तरी त्यातून ठरतंच. शिळेवर ती लहान चाकं, एक मोठं चाक आणि भट्टीवरचा घुमट अजून ओळखू येतात.